पिवळा दिवा, पुन्हा हजर!

ऑनसाइटला गेलेला प्रत्येक जण एक तरी वेडेपणा करतोच. कुणी गिटार घेतं, कुणी भारीतला कॅमेरा. मी 2023 साली डॅलसजवळ इर्विंगला होतो तेव्हा चक्क 2004 चा पिकअप ट्रक घेतला. व्ही-सिक्स पेट्रोल इंजिन, मागे डबल बेड मावेल एवढा हौदा आणि डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा एक पिवळा दिवा. चालू.

"ऑक्सिजन सेन्सर गेला असेल रे, सगळ्यांचाच जातो," ऑफिसमधल्या मित्राने निकाल देऊन टाकला. साठ डॉलर मोजून सेन्सर बदलला. दिवा गेला, आम्ही पार्टी केली. चौथ्या दिवशी ऑफिसला जाताना बघतो तर साहेब पुन्हा हजर!

एरवी मी त्याच्यावर स्टिकर चिकटवून मोकळा झालो असतो. (लोक चिकटवतात, शप्पथ.) पण डॅलस काउंटीत दरवर्षी एमिशन टेस्ट. दिवा चालू म्हणजे नापास, आणि नापास म्हणजे रजिस्ट्रेशन रिन्यू होत नाही. हातात तीन आठवडे. मग मी स्मार्टपणा केला. वीस डॉलरचा ब्लूटूथ स्कॅनर आणला, कोड पुसला आणि थेट टेस्टला गेलो. मशीनने बाहेरचा रस्ता दाखवला! कोड पुसला की गाडीचा कॉम्प्युटर स्वतःच्या सगळ्या तपासण्या शून्यापासून सुरू करतो, आणि 2001 नंतरच्या पेट्रोल गाडीत त्यातली एकापेक्षा जास्त अपुरी असली की टेस्टच होत नाही. आठवडाभर गाडी चालवून त्या पूर्ण करायला गेलो, तर दिवा परत आला.

शेवटी शेजारच्या काकांना गाठलं. रिटायर्ड मेकॅनिकल इंजिनीयर, मूळचे सांगलीचे.

"कोड काय होता?"

"पी 0171 आणि पी 0174."

"म्हणजे इंजिनाच्या दोन्ही बाजूंचे सेन्सर एकच सांगतायत, हवा जास्त, पेट्रोल कमी. आणि तू सेन्सर बदललास? अरे, ताप आला म्हणून थर्मामीटर बदलतोस का?"

काकांनी माझ्याच फोनवर फ्युएल ट्रिम उघडायला लावलं. कॉम्प्युटर हिशेबापेक्षा किती जादा पेट्रोल सोडतोय, तो हा आकडा. गाडी उभी असताना चोवीस टक्के. काकांनी अ‍ॅक्सिलरेटर दाबून इंजिन अडीच हजार आरपीएमवर नेलं, तर सहा! म्हणजे कुठूनतरी चोरटी हवा आत येत होती. उभ्या गाडीत इंजिन मुळात हवा कमी ओढतं, तेव्हा ही चोरी मोठी दिसते. रेस केल्यावर ती किरकोळ ठरते. चित्र उलटं असतं, तर काका फ्युएल पंपाकडे किंवा फिल्टरकडे वळले असते.

मग त्यांनी इंजिनामागे हात घातला आणि बोटांनी चाचपत पीसीव्ही व्हॉल्वचा रबरी एल्बो बाहेर काढला. तेलाने भिजून चहातल्या बिस्किटासारखा मऊ झालेला, खालच्या बाजूने फाटलेला. नवीन एल्बो नऊ डॉलर.

"आता कोड पुसू नकोस. नुसती चालव," काका म्हणाले. सलग तीन फेऱ्यांत दोष सापडला नाही की दिवा आपोआप विझतो, म्हणे. ऑफिस, हायवे, ग्रोसरी असं सुरू ठेवलं. गुरुवारी सकाळी दिवा गेला, शनिवारी गाडी पास झाली.

एक मात्र लक्षात ठेवा. दिवा स्थिर असेल तर बहुतेक वेळा गाडी सावकाश गॅरेजपर्यंत नेता येते. पण लुकलुकत असेल तर गाडी ताबडतोब बाजूला घ्या. तो मिसफायर असतो. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं, आणि माझ्यासारख्या जुन्या गाडीत त्याचं बिल गाडीच्या किमतीच्या आसपास जाऊ शकतं. आपल्या बीएस-सिक्स गाड्यांतही स्टीअरिंगखाली तोच सोळा पिनांचा सॉकेट असतो, तेव्हा गॅरेजवाल्याने "सेन्सर बदलू या" म्हटलं की आधी कोड विचारा.

ट्रक परत येताना विकला. काढलेला जुना सेन्सर, अगदी ठणठणीत, अजून माझ्या कोथरूडच्या ड्रॉवरमध्ये आहे.