पातळी भरली, पाणी शिळेच

मध्यमवर्गीयांच्या दिवाणखान्यात काचेच्या पेटीने पटकाविलेले मानाचे स्थान आणि महात्मा फुले मंडईतून गप्पी, मॉली, गोल्डफिश पिशवीत घेऊन निघालेल्या मुलांचे हरखलेले चेहरे पाहिले, म्हणजे हा शौक आता श्रीमंतांची मिरासदारी राहिलेला नाही, ह्याविषयी समाधान वाटते. परंतु पातळी चार बोटे उतरली की वरून तांब्याने भर घालावयाची आणि काच हिरवी पडली की सगळी पेटी उपसून लख्ख धुवावयाची, ह्या दोन टोकांत बहुतेकांचा कारभार चालतो आणि ही दोन्ही टोके, माझ्या मते, सारखीच घातक आहेत.

वैशाखाच्या उष्म्यात पेटीतून उडून जाते ते निव्वळ पाणी. क्षार मागेच राहतात. शंभर लिटरच्या पेटीत वीस लिटर पाणी आटले आणि तितकेच नळाचे पाणी घातले, असे पाच वेळा झाले, की पातळी तीच दिसत असूनही क्षारांची शिल्लक मूळच्या दुप्पट होते. कूपनलिकेच्या जड पाण्यावर तर हा हिशोब अधिकच जाचक ठरतो.

ह्याहून गंभीर गोष्ट माशांच्या उत्सर्जनाची. त्यातून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया निपजतो. फिल्टरच्या स्पंजात आणि वाळूत वस्ती करून असलेले जीवाणू त्याचे प्रथम नायट्राइटमध्ये आणि मग त्या मानाने सौम्य अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हे काम बिनबोभाट चालते खरे, परंतु त्यात पाण्याची आम्लता हळूहळू वाढत जाते, पुढे जीवाणूच मंदावतात, आणि साचलेला अमोनिया आम्लधर्मी पाण्यात अमोनियम ह्या बऱ्याच निरुपद्रवी रूपात दडून राहतो. अशा वेळी यजमानांना स्वच्छतेचा उमाळा येतो, निम्म्याहून अधिक पाणी एकदम बदलले जाते, नळाच्या अल्कधर्मी पाण्याने तोच अमोनियम पुन्हा विषारी अमोनिया बनून माशांचे कल्ले जाळतो, आणि सकाळी सारा दोष नगरपालिकेच्या माथी येतो. नळाच्या पाण्यातील क्लोरीन माशांना बाधतो हे खरे. पण दुकानात मिळणाऱ्या हायपोच्या खड्यांनी त्याचा बंदोबस्त सहज होतो.

म्हणून शिरस्ता असा असावा, की दर आठवड्याला नळीने तळची घाण ओढून घेत पाचवा हिस्सा पाणी काढावे, त्याच काढलेल्या पाण्यात स्पंज खळबळून घ्यावा (नळाखाली कदापि नव्हे, तेथील क्लोरीन जीवाणूंना मारतो), आणि तितकेच, जवळपास त्याच तापमानाचे, क्लोरीन मारलेले पाणी सावकाश सोडावे. पेटी महिनोन्महिने दुर्लक्षित असेल, तर पाचवा हिस्साही जड जातो. तेथे रोज थोडेथोडे बदलत अनेक दिवसांनी मूळपदावर यावे.

टँकरची वाट पाहणाऱ्या ह्या राज्यात असे पाणी ओतून देणे ही चैन आहे, असा आक्षेप कोणी घेईल, तर तो मला अंशतः मान्य आहे. मात्र पन्नास लिटरच्या पेटीतून आठवड्याला निघणारे दहा लिटर नायट्रेटयुक्त पाणी कुंडीतल्या झाडांना खतासारखे लागू पडते, आणि ते मोरीत सोडणे एवढीच काय ती उधळपट्टी. दुकानदारांनी पेटी विकताना गिऱ्हाइकाला हा आठवड्याचा शिरस्ता आधी समजावून सांगावा, आणि ज्याला तो पाळणे जमणार नाही, त्याने पेटी घेऊच नये.