सौंदर्यप्रसाधनांचा उद्योग : कर उतरला, उंबरठा उंचच

वस्तू व सेवा कराची फेररचना २२ सप्टेंबर २०२५ रोजी अमलात आली आणि केशतेल, शांपू, टाल्कम पावडर, फेस पावडर, अंगाच्या साबणाच्या वड्या व टूथपेस्ट यांवरील कर १८ टक्क्यांवरून थेट ५ टक्क्यांवर आला. ऐन दिवाळीच्या तोंडावर मिळालेल्या या सवलतीचे ग्राहकांनी स्वागत केले. या कपातीमुळे मागणी वाढेल आणि मागणी वाढली की नव्या, छोट्या उत्पादकांनाही बळ मिळेल, असा युक्तिवाद त्या वेळी करण्यात आला. त्याचा पूर्वार्ध पटण्यासारखा आहे. उत्तरार्ध मात्र तपासून पाहायला हवा. कारण शून्यातून सौंदर्यप्रसाधनांचा उद्योग उभारू पाहणाऱ्या व्यक्तीची खरी अडचण मागणी ही नाहीच. तिची अडचण पहिली बाटली कायदेशीररीत्या बाजारात येण्यापूर्वीच सुरू होते.

१९५२ आणि आज

या व्यवसायाच्या इतिहासात १९५२ हे वर्ष लक्षणीय आहे. परदेशी प्रसाधनांवर खर्च होणारे परकीय चलन वाचावे, या विचारातून त्या वर्षी टाटा समूहाने मुंबईत ‘लॅक्मे’ची स्थापना केली. त्याच वर्षी, त्याच मुंबईत केशव विष्णु पेंढरकर यांनी ‘विको’ची मुहूर्तमेढ रोवली. एकीकडे टाटा ऑइल मिल्ससारख्या बलाढ्य कंपनीचा आधार होता, तर दुसरीकडे परळमधील राहते घर हाच कारखाना होता. तेथे तयार झालेली दंतमंजनाची पूड दारोदार जाऊन विकली गेली. पुढे १९७५ मध्ये ‘विको टर्मरिक’ हे हळदीचे क्रीम आले आणि मराठी घराघरांत पोहोचले. तमिळनाडूतील सी. के. रंगनाथन यांनी १९८३ मध्ये अवघ्या १५ हजार रुपयांच्या भांडवलावर शांपूचा व्यवसाय सुरू केला. त्यातूनच ‘केविनकेअर’ हा उद्योगसमूह आकाराला आला.

नवउद्योजकांच्या मेळाव्यांत या यशोगाथा हटकून सांगितल्या जातात. परंतु एक बाब सांगायची राहून जाते. १९५२ मध्ये सौंदर्यप्रसाधनांसाठी उत्पादन परवान्याची तरतूदच नव्हती. १९४० चा कायदा मुळात केवळ औषधांसाठी होता. त्याच्या कक्षेत सौंदर्यप्रसाधने आली ती १९६२ च्या दुरुस्तीने. साबण तर त्यातूनही वगळलेला होता. १९८२ च्या दुरुस्तीने ती सूटही संपली. स्वयंपाकघरातून सुरू झालेल्या उद्योगाची गोष्ट आज स्फूर्तिदायक जरूर आहे. पण तिचे जसेच्या तसे अनुकरण केल्यास कायद्याचा भंग होतो.

परवाना कशासाठी?

सध्या या क्षेत्राला ‘सौंदर्यप्रसाधने नियम, २०२०’ लागू आहेत. या नियमांनुसार विक्रीसाठी क्रीम, तेल, साबण किंवा शांपू बनवायचा तर राज्याच्या परवाना प्राधिकाऱ्याचा, म्हणजे महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाचा परवाना घ्यावा लागतो. केवळ विक्री करणाऱ्या दुकानदाराला अशा परवान्याची गरज नसते, बनविणाऱ्याला असते. उत्पादनाची जागा निवासी वापराची असता कामा नये आणि ती राहत्या घराला जोडलेलीही नसावी. क्रीम, लोशन, शांपू, केशतेल अशा मालासाठी २५ चौरस मीटर क्षेत्राची शिफारस आहे. उत्पादनावर देखरेख ठेवण्यासाठी औषधनिर्माण वा रसायनशास्त्राचे विहित शिक्षण घेतलेली पूर्णवेळ व्यक्ती नेमावी लागते. कच्चा माल व तयार माल यांच्या चाचणीची व्यवस्था करावी लागते. शिवाय केशतेल, शांपू, लिपस्टिक, काजळ, मेंदी, एवढेच काय, कुंकवासाठीही भारतीय मानक ब्युरोची स्वतंत्र मानके आहेत.

‘घरगुती’, ‘नैसर्गिक’ वा ‘रसायनविरहित’ असे वेष्टनावर छापल्याने यातून सुटका होत नाही. आपल्याकडे दिवाळीच्या आधी अनेक महिला बचत गट उटणे, साबण, केशतेल तयार करतात आणि प्रदर्शनांतून, ओळखीपाळखीतून विकतात. त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तथापि, विनापरवाना तयार केलेला माल हा कायद्याच्या दृष्टीने विनापरवानाच. आयुर्वेदिक म्हणून विकायचा झाल्यास त्यासाठीचा वेगळा परवाना लागतो. अनेक भगिनींना याची कल्पना मोठ्या दुकानाने किंवा ऑनलाइन विक्री संस्थेने परवाना क्रमांक मागितल्यावरच येते. तोवर साचे, बाटल्या आणि छापील वेष्टने यांत पैसा गुंतलेला असतो.

मग ही बंधने काढूनच टाकावीत का? याचे उत्तर २०२३ मधील केरळच्या अनुभवात आहे. मलप्पुरम जिल्ह्यात मूत्रपिंडाच्या विकाराचे असे काही रुग्ण आढळले, की त्यांच्या आजाराचा संबंध डॉक्टरांनी गोरेपणाच्या क्रीममधील पाऱ्याशी जोडला. आपल्या नियमांनुसार प्रसाधनांत पारा जाणीवपूर्वक वापरण्यास मनाई आहे. अनवधानाने आलेला अंशही डोळ्यांभोवतीच्या प्रसाधनांत दहा लाख भागांत ७० भाग आणि इतर प्रसाधनांत १ भाग यापेक्षा अधिक चालत नाही. ही मर्यादा डोळ्यांना दिसत नाही, वासावरून कळत नाही. ती प्रयोगशाळेतच कळते. पाण्याचा अंश असलेल्या क्रीमचेही तसेच. परिरक्षक द्रव्य नीट नसेल तर वरून सुरेख दिसणाऱ्या डबीतही जंतूंची वाढ होते. कोरफडीचा ताजा गर घालून केलेले जेल घरी दोन दिवस वापरणे निराळे आणि दुकानाच्या फळीवर वर्षभर ठेवणे निराळे. तेव्हा प्रश्न नियम हवेत की नकोत हा नाही. ते पाळण्याची ऐपत लहान माणसाला कशी यावी, हा आहे.

कारखाना नसलेला कारखानदार

ज्यांच्याकडे जागा व यंत्रसामग्री नाही, त्यांच्यासाठी दोन वाटा आहेत. पहिली, परवानाधारक कारखान्याकडून आपल्या नावाने माल बनवून घेण्याची. वसईपासून हिमाचल प्रदेशातील बद्दीपर्यंत असे कारखाने आहेत. अलीकडच्या काळात नावारूपाला आलेल्या अनेक नव्या ब्रँडची सुरुवात याच पद्धतीने झाली. दुसरी वाट ‘लोन लायसन्स’ची. यात दुसऱ्याच्या परवानाप्राप्त कारखान्यातील सोयी वापरून माल बनविण्याचा परवाना स्वतःच्या नावे घेता येतो.

पहिली वाट सोपी, पण तिचे काटे नंतर टोचतात. कारखानदार किमान मागणीची अट घालतो. दोनशे डब्या हव्या असणाऱ्याला काही हजार डब्या घ्याव्या लागतात. करारात स्पष्ट लिहून घेतले नसेल तर मालाचे सूत्र, म्हणजे फॉर्म्युला, कारखान्याकडेच राहतो. उद्या कारखाना बदलायचा म्हटले तर आपल्याच नावाचे क्रीम आपल्याला करता येत नाही. नाव आपले, पण वस्तू दुसऱ्याची, अशी ही अवस्था. म्हणूनच सूत्राची मालकी, बॅचनिहाय चाचणी अहवाल आणि बिघडलेल्या मालाची जबाबदारी या तीन गोष्टी पहिल्याच करारात असणे अगत्याचे आहे. व्यापारचिन्हाची नोंदणीही आधीच करावी. व्यक्ती, स्टार्टअप व लघुउद्योगांसाठी ऑनलाइन अर्जाचे शुल्क एका वर्गाला ४,५०० रुपये आहे. वेष्टने छापल्यावर नाव बदलण्याच्या खर्चापुढे ते काहीच नाही.

कराचे उलटे गणित

आता करकपातीकडे वळू. १०० रुपये करपूर्व किमतीचा शांपू विकला, असे समजा. त्यावर ५ रुपये कर गोळा होतो. मात्र त्यासाठी लागणारी प्लास्टिकची बाटली, झाकण, फेस आणणारी रसायने व सुगंधी द्रव्य यांवर कर १८ टक्केच आहे. ही खरेदी ४० रुपयांची धरली तर ७ रुपये २० पैसे कर आधीच भरलेला असतो. म्हणजे प्रत्येक शंभर रुपयांमागे २ रुपये २० पैसे सरकारकडे अडकतात. हा कर परत मागता येतो. जोखीम कमी असलेल्या अर्जांत ९० टक्के रक्कम तात्पुरती मंजूर करण्याची सोय ऑक्टोबर २०२५ पासून करण्यात आली, ही स्वागतार्ह गोष्ट. परंतु या परताव्याच्या सूत्रात वस्तूंवरील कर धरला जातो, सेवांवरील नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये हे सूत्र कायम ठेवले. परिणामी प्रयोगशाळेचे शुल्क, जाहिरात, गोदाम यांवर भरलेल्या कराचा असा परतावा मिळत नाही. आणि नवख्या उद्योजकाचा खर्च नेमका याच बाबींवर अधिक होतो. मोठ्या कंपनीची अनेक उत्पादने १८ टक्क्यांच्या टप्प्यातही असल्याने तिला हा कर अन्यत्र वळता करता येतो. केवळ केशतेल आणि शांपूवर उभ्या असलेल्या लहान उत्पादकाला ती सोय नाही.

क्रीम, लोशन, लिपस्टिक बनविणाऱ्यांना तर कपातीचा लाभच नाही. त्यांचा कर १८ टक्के कायम आहे. कुंकू, टिकली, आळता पूर्वीप्रमाणेच करमुक्त आहेत.

पैसा अडकण्याचे दुसरे कारण वेळ. माल किती काळ टिकतो, हे ठरविण्यासाठी तो सुमारे ४० अंश तापमानात महिनोन् महिने ठेवून पाहतात. त्या काळात जागेचे भाडे व पगार चालू, विक्री शून्य. विक्री सुरू झाली तरी दुकानदार बहुधा ‘खपल्यावर पैसे’ या बोलीवर माल ठेवतो आणि मुदत संपलेला माल परत करतो. लघुउद्योगांची देणी कमाल ४५ दिवसांत चुकती करण्याचा दंडक २००६ च्या कायद्यात आहे; पण पहिल्यांदाच फळीवर जागा मागणारा उत्पादक त्या दुकानदाराला कायद्याचे कलम कसे दाखविणार? मुद्रा योजनेत विनातारण कर्ज मिळते. आधीचे ‘तरुण’ गटातील कर्ज फेडलेल्यांसाठी त्याची मर्यादा २०२४ मध्ये २० लाखांपर्यंत वाढविण्यात आली. तरीही कर्ज ते कर्जच. माल चाचणीत असताना हप्ता थांबत नाही.

वाट कोणती?

यावर उपाय नाही असे नाही. सूक्ष्म व लघु उद्योगांच्या समूह विकासासाठी केंद्राची योजना आहे आणि तिच्यात सामायिक सुविधा केंद्रांना साहाय्य मिळते. एखाद्या जिल्ह्यात असे एक परवानाप्राप्त केंद्र उभे राहिले, त्यात एक पात्र रसायनतज्ज्ञ, एक लहान प्रयोगशाळा आणि छोट्या बॅचची यंत्रे असली, तर वीस-पंचवीस बचत गटांना व होतकरू उद्योजकांना तेथेच ‘लोन लायसन्स’ घेऊन माल बनविता येईल. प्रत्येकाने स्वतंत्र जागा घेण्याची गरज उरणार नाही आणि सुरक्षिततेशी तडजोडही होणार नाही. दूध संकलन केंद्रापासून साखर कारखान्यापर्यंत ‘एकट्याला न पेलणारे ओझे अनेकांनी मिळून उचलावे’ हा धडा महाराष्ट्राने कधीच गिरवला आहे. प्रसाधनांच्या बाबतीत तो गिरवण्यास हरकत कोणती?

जोवर अशी सोय नाही, तोवर नव्याने उतरणाऱ्याने दहा वस्तूंऐवजी एकाच वस्तूपासून आरंभ करावा. पाण्याचा अंश नसलेली तेले वा लिप बाम यांत जंतूंचा धोका तुलनेने कमी. पहिल्या वर्षाचा हिशेब मांडताना यंत्रांपेक्षा चाचणी, परत येणारा माल आणि उधारी यांची तरतूद आधी करावी. गोरेपणाची, केस उगवण्याची आश्वासने वेष्टनावर देऊ नयेत. दिशाभूल करणाऱ्या दाव्यांना नियमांत मनाई आहेच, आणि हिंदुस्थान युनिलिव्हरलाही २०२० मध्ये आपल्या प्रसिद्ध क्रीमच्या नावातून ‘फेअर’ हा शब्द काढावा लागला, हे ध्यानात ठेवावे.

याच हिंदुस्थान युनिलिव्हरने जानेवारी २०२५ मध्ये जयपूरच्या ‘मिनिमलिस्ट’ या तरुण कंपनीचा ताबा घेण्याचे जाहीर केले, तेव्हा तिचे मूल्य सुमारे २,९५५ कोटी रुपये ठरविले गेले. असे आकडे डोळे दिपवतात आणि अनेकांना या धंद्याकडे खेचतात. परंतु उद्योगाच्या धोरणाची कसोटी शिखरावरच्या एका कंपनीने लागत नाही. गावातल्या बचत गटाचा साबण परवाना क्रमांकासह दुकानाच्या फळीवर दिसतो का, यावरून ती लागते. करकपातीने ग्राहकाचे चार पैसे वाचले, हे चांगलेच झाले. आता पायरी बांधायची आहे ती बनविणाऱ्यासाठी.