इंजिन बदलावं की उघडावं?

हलक्या गाडीच्या मालकाच्या डोक्यात एक किडा कायम वळवळत असतो: हिच्यात जरा दमदार इंजिन बसवलं तर? आणि नेमकं तेव्हाच मूळ इंजिन धूर ओकायला लागलं, की त्या किड्याला पंख फुटतात. करंज्याच्या माझ्या एका मित्राचं सध्या हेच चाललंय. गेले तीन रविवार आम्ही दुसऱ्या कुठल्या विषयावर बोललेलो नाही. तर मंडळी, आज माझं मत एकदाचं लिहून टाकतो.

मित्राकडे सॅन स्टॉर्म आहे. नाव ऐकलं नसेल तर तुमचा दोष नाही. लोकोमोटिव्ह बनवणाऱ्या बंगळूरच्या सॅन कंपनीने नव्वदच्या दशकाच्या शेवटी गोव्यात ही दोन माणसांची, छत उघडणारी स्पोर्ट्स कार बनवायला घेतली. फायबरग्लासची बॉडी, वजन पाऊण टनाच्या घरात, आणि पुढे रेनॉचं ११४९ सीसीचं, ६० अश्वशक्तीचं साधं इंजिन. गाड्या फार खपल्या नाहीत, त्यामुळे आज रस्त्यावर दिसली तर लोक सिग्नलला काच खाली करून विचारतात, "ही कुठली?"

तर या गाडीचं इंजिन आता निळा धूर सोडतंय, ऑइल पितंय, आणि चढावर दम टाकतंय. मित्रापुढे दोन रस्ते आहेत. एक, आहे तेच इंजिन उघडून पूर्ण काम करायचं. दुसरा, पनवेलच्या एका मेकॅनिकने सुचवलेला: भंगारात गेलेल्या स्विफ्टचं के-१२ उचलायचं आणि बसवायचं. साठवलेले पैसे एकाच रस्त्याला पुरतील. चुकीचा रस्ता धरला तर गाडी शेडमध्ये उभी, आणि करंज्याच्या खाऱ्या हवेत उभ्या गाडीचं काय होतं ते तिथल्या लोकांना सांगायला नको. फायबरग्लास गंजत नाही हो, पण त्याच्या खालचं लोखंड गंजतं.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर कागदावर दुसरा रस्ता सरळसरळ जिंकतो. के-१२ म्हणजे ११९७ सीसी, सुरुवातीच्या गाड्यांत ८५ अश्वशक्ती. नुसते ४८ सीसी जास्त, पण ताकद २५ घोड्यांनी जास्त! चालकासकट गाडी सव्वाआठशे किलो धरली तर आत्ता टनामागे ७३ घोडे पडतात. नव्या इंजिनाने वजन ३० किलो वाढलं असं समजलं तरी ९९ पडतील. शिवाय के-१२ चे स्पेअर कुठल्याही तालुक्याच्या गावात मिळतात. रेनॉच्या या इंजिनाचं इथे काय मिळणार, कपाळ?

मित्राचा हाच युक्तिवाद आहे आणि त्याला आधार आहे तो बंदराचा. करंज्याच्या धक्क्यावर इंजिन बदलणं ही काही नवलाची गोष्ट नाही. मासेमारीच्या कितीतरी बोटींत ट्रकवरूनच आलेली, समुद्रासाठी बदललेली अशोक लेलँडसारखी डिझेल इंजिनं असतात. १ जून ते ३१ जुलै बंदी, म्हणजे हातात दोन महिने. तेवढ्यात इंजिन उघडायचं की सरळ दुसरं टाकायचं हे तांडेल ठरवतो, आणि बंदी उठली की बोट समुद्रात गेलीच पाहिजे. तिथे विचार एकच: भर हंगामात बंद पडलं तर स्पेअर उद्या सकाळी मिळेल का?

हा विचार मला शंभर टक्के पटतो. पण तो बोटीवरून उचलून स्टॉर्मवर ठेवला की फसतो. कसा ते सांगतो.

बोटीच्या सांगाड्याला ५० किलो इकडेतिकडे झाले तर पत्ता लागत नाही. जागा मोकळी, मागे गिअरबॉक्स, शाफ्ट आणि पंखा. ते जुळवणारे, दुरुस्त करणारे हात त्याच धक्क्यावर बसलेले. हलक्या स्पोर्ट्स कारचं उलट असतं. तिथे प्रत्येक गोष्ट दुसऱ्या गोष्टीचा हिशोब धरून केलेली असते. पुढच्या चाकांवर वजन वाढलं की स्प्रिंग बदला. ताकद वाढली की ब्रेक बघा. सुझुकीचा गिअरबॉक्स आणि रेनॉचे हब, म्हणजे मधले ड्राइव्हशाफ्ट कापून-जोडून बनवा. माउंटिंग नवीन, एक्झॉस्ट नवीन, रेडिएटरचे पाइप नवीन. वरून ईसीयू, त्याचं वायरिंग आणि चावी ओळखल्याशिवाय सुरूच न होणारं इमोबिलायझर!

आणि इथेच खरी मेख आहे. आपण इंजिन बदलतो ते कुठेही मिळणाऱ्या स्पेअरसाठी. पण हाती येते ती अशी गाडी, जिचे माउंटिंग, ड्राइव्हशाफ्ट आणि वायरिंग जगातल्या एकाही दुकानात मिळत नाही. के-१२ ची रिंग उरणमध्ये मिळेल, मान्य. पण तो जोडलेला शाफ्ट खोपोलीच्या घाटात तुटला तर? तो बनवणारा एकच माणूस, आणि त्याचा फोन लागत नाही :) उलट रेनॉचं हे इंजिन युरोपात ट्विंगो आणि क्लिओत ढिगाने बसलं. रिंगा, बेअरिंग शेल, गॅस्केट सेट, टायमिंग बेल्ट हे सगळं एका खोक्यात मावतं आणि कुरिअरने येतं. एकदा काम नीट झालं की पुढची कित्येक वर्षं बेल्ट, प्लग आणि ऑइल यापलीकडे फारसं काही लागू नये.

"पण लोटसने नाही का बदललं?" हा मित्राचा पुढचा प्रश्न. बदललं ना. १९९६ च्या एलिसमध्ये रोव्हरचं इंजिन होतं, २००४ पासून टोयोटाचंही यायला लागलं. पण ते इंजिन बदलणाऱ्या माणसांनीच ती गाडी घडवली होती, त्यांच्याकडे ड्रॉइंग होती, चाचणीचा ट्रॅक होता. टोयोटाच्या इंजिनाबरोबर गिअरबॉक्सही टोयोटाचाच आला. त्याला 'इंजिन टाकलं' म्हणत नाहीत, त्याला गाडी पुन्हा डिझाइन करणं म्हणतात.

आपल्या धंद्यातल्यांना हे वेगळं सांगायला नको. जुना कोड वाचवत नाही, म्हणून 'सगळं नव्याने लिहू' अशी सुरसुरी कोणाला आलेली नाही? जोएल स्पोल्स्कीने २००० साली नेटस्केपचं उदाहरण देऊन यावरच लिहिलं होतं: कोड लिहिण्यापेक्षा वाचणं अवघड, म्हणून जुना कोड आहे त्यापेक्षा वाईट वाटतो. बंद इंजिनाचंही तसंच आहे. आत काय आहे ते दिसत नाही, म्हणून ते गेलेलंच वाटतं.

कायद्याची बाजूही आहेच. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: आरसीवरचा तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावलं. मान्यताप्राप्त सीएनजी किटची वाट वेगळी. पण कंपनीने ज्या मॉडेलात कधी दिलंच नाही ते इंजिन घेऊन पनवेलच्या आरटीओत जाणार, आणि साहेबांना काय सांगणार? तिथे नाही पकडलं तरी अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर इंजिन नंबर बघणारच. आणखी एक. २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांवरची, मूळ स्वरूपातली, इंजिनात मोठा बदल न केलेली गाडीच 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. स्टॉर्मला ती पन्नाशी गाठायला अजून वीसेक वर्षं आहेत. हसू नका, वर्षं भराभर जातात.

मग करायचं काय? आधी पैसे नाही, वेळ खर्च करायचा. कॉम्प्रेशन टेस्ट दोनदा करायची, एकदा कोरडी, एकदा प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून. ऑइल टाकल्यावर आकडा चढला तर रिंगा-बोअर गेलेत. नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट, म्हणजे कदाचित नुसतं वरचं हेड काढून भागेल. हेड काढल्यावर ते लेथवाल्याकडून तपासून घ्यायचं, तडा आहे का, वाकलंय का. बोअरचं माप घ्यायचं, क्रँकचं माप घ्यायचं, आणि मगच पार्ट मागवायचे. 'हाफ इंजिन' की 'फुल इंजिन' हे मापाने ठरतं, मेकॅनिकच्या (किंवा मालकाच्या) मूडने नाही.

ब्लॉकलाच तडा निघाला तर? तरी पहिला शोध तसल्याच दुसऱ्या इंजिनाचा. तेही मिळालं नाही, तर मात्र के-१२ चा विचार करायला माझी हरकत नाही, कागदपत्रांचं आधी विचारून मगच. गाडी कायमची उभी राहण्यापेक्षा काहीही बरं.

राहता राहिले ते २५ घोडे. अटल सेतूवर ते लागतील असं मित्र म्हणतो. तिथे मोटारींना वेगमर्यादा ताशी १०० किलोमीटर आहे बाबा! तेवढं ६० घोड्यांचं धडधाकट इंजिनही करतं. आणि छत उघडं असलं की १०० सुद्धा पुष्कळ वाटतात.

पुढच्या शनिवारी कॉम्प्रेशन गेज घेऊन मी करंज्याला जातोय. आकडे येईपर्यंत चर्चा बंद, असं आमचं ठरलंय.