प्रतिगुरुत्व: नाव मिळाले, ओळख बाकी

वर फेकलेला चेंडू खाली येतो, हे सांगायला न्यूटनची गरज नाही. पण तो खाली न येता वाढत्या वेगाने वरच जाऊ लागला तर? १९९८ मध्ये दूरच्या स्फोटक ताऱ्यांचे मापन करणाऱ्या दोन गटांना विश्वाबद्दल नेमका हाच अनुभव आला. गुरुत्वाकर्षणामुळे विश्वाचे प्रसरण मंदावत असेल, ही अपेक्षा होती. प्रत्यक्षात त्याचा वेग वाढताना दिसला. विज्ञानकथांतला 'प्रतिगुरुत्व' हा शब्द मग गंभीर चर्चेत आला आणि त्याच्याबरोबर गैरसमजही आले.

पहिला गैरसमज असा की, गुरुत्वाचा कुणी स्वतंत्र शत्रू निसर्गात दडला आहे. प्रतिद्रव्य तरी वर जाईल, अशी काहींना आशा होती. २०२३ मध्ये सर्न येथील प्रयोगात प्रतिहायड्रोजनाचे अणूही खालीच पडले!

मग प्रतिकर्षण येते कुठून? आइनस्टाइनच्या सिद्धांतानुसार गुरुत्व केवळ वस्तुमानातून नव्हे, तर दाबातूनही निर्माण होते. चंद्रशेखर यांनी श्वेतबटू ताऱ्यांना सुमारे १.४ सूर्यांच्या वस्तुमानाची मर्यादा असल्याचे दाखविले. त्याहून घन अशा न्यूट्रॉन ताऱ्यात तर कुंपणच शेत खाते: ताऱ्याला तोलून धरणारा दाबच गुरुत्वात भर घालतो. वस्तुमान फार झाले की तारा कोसळतो आणि कृष्णविवर बनते.

याच दाबाचे चिन्ह उलटले, म्हणजे अवकाशातच ताण असला, की गुरुत्व ढकलू लागते. अशा ऊर्जेचे प्रमाण घनमीटरमागे जेमतेम काही हायड्रोजन अणूंच्या वस्तुमानाइतके असावे. ग्रह-ताऱ्यांच्या पातळीवर ते नगण्य. पण अब्जावधी प्रकाशवर्षांच्या पोकळीत थेंबे थेंबे तळे साचते. म्हणून घरगुती उड्डाणयंत्राची स्वप्ने विकणाऱ्यांपासून आपण सावध राहिलेले बरे.

परंतु दुसरा गैरसमज अधिक घातक आहे, आणि तो सुशिक्षितांचा आहे. 'कृष्ण ऊर्जा' म्हटले की कोडे सुटले, असे आपल्याला वाटते. बारसे केले म्हणजे मूल ओळखले असे नव्हे! विश्वाचा सुमारे ६८ टक्के हिस्सा या नावाखाली जमा आहे. आपल्या परिचयाचे द्रव्य अवघे ५ टक्के. फ्रेड हॉइल आणि जयंत नारळीकर यांनी १९६० च्या दशकात ऋण ऊर्जेचे क्षेत्र मांडले होते. त्यांचे स्थिर विश्व बहुसंख्यांनी स्वीकारले नाही, तरी ऋण ऊर्जेचा विचार करण्याचे धाडस त्यांनी दाखविले.

आपल्या पाठ्यपुस्तकांत सुटलेली गणितेच असतात. त्यांच्या शेजारी हे न सुटलेले एक छापले, तर विद्यार्थ्यांचे नुकसान होणार नाही. झालाच तर विज्ञानाचा लाभच होईल.