यतीमखान्याआधी घर

जठारपेठेत मी शिकवणी घेतो. गेल्या रमजाननंतर सातवीतला एक मुलगा यायचा थांबला. अब्बा आधीच वारले होते, आता अम्मीही गेली. नातेवाइकांनी ठरवले, दूरच्या यतीमखान्यात पाठवू. त्याची खाला सांभाळायला तयार होती. अडचण खर्चाची होती.

आपण जकात देतो, पावती घेतो आणि मन हलके करतो. पण प्रेषित मुहम्मद (स.) स्वतः यतीम होते आणि आजोबांच्या, मग चाचा अबू तालिब यांच्या घरात वाढले.

कायदाही तेच सांगतो. २०१५च्या बाल न्याय कायद्यात संस्था हा शेवटचा उपाय आहे. महाराष्ट्राच्या बाल संगोपन योजनेत अशा मुलासाठी दरमहा २२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात करायचा, मंजुरी बाल कल्याण समिती देते.

खाला घाबरली होती, ‘समितीपुढे गेलो तर पोराला घेऊन जातील.’ तसे नाही. हे दत्तक नव्हे. मुलाचे नाव, वंश, दीन तसाच राहतो. सूरह अहजाबची शिकवण कुठेच मोडत नाही.

मृत्यूचे दाखले, रेशनकार्ड, शाळेचा दाखला जमवताना आमचे तीन आठवडे गेले. पोरगा मात्र पुन्हा शिकवणीला येतो.

दोस्तांनो, आपल्या मोहल्ल्यात असे मूल असेल तर जकातीसोबत कागदपत्रांसाठी एक दुपारही द्या. मूल संकटात दिसले तर १०९८ लावा.