संसारांतील यंत्रें : गळणारें तेल आणि चाचपणारा हात

यंत्राची गळती ही घराच्या छपराच्या गळतीसारखी असते. पाणी जेथें टपकतें तेथें भोंक नसतें; तें वर, दूर, कोठें तरी वाशाच्या सांध्याशीं असतें. थेंबाखालीं भांडें ठेवून जो समाधान मानतो त्याचें आढें पुढच्या पावसाळ्यापर्यंत कुजतें. एका वाचकांनीं गेल्या महिन्यांत पत्रानें जो प्रश्न विचारला, त्याचें उत्तर देतांना हें प्रथम सांगावेंसें वाटतें.

त्यांच्या घरच्या द्राक्षबागेंत अठरा वर्षांचा एक लहान ट्रॅक्टर आहे. मागील रोटाव्हेटर उचलून धरणारी जी हायड्रोलिक लिफ्ट, तिच्याखालीं अलीकडे तेल सांडूं लागलें आहे. कुटुंब एकत्र, भाऊ चौघे. दोघांचें म्हणणें, यंत्र विकून टाकावें. दोघांचें म्हणणें, वरून तेल ओतीत राहावें व आणखी दोन हंगाम काढावे. बागेंतला गडी म्हणतो, “हात लावून बघतो, कुठनं येतंय ते लगेच कळंल.” या तीन मतांपैकीं पहिलें घाईचें, दुसरें आळसाचें आणि तिसरें हात गमाविण्याचें आहे. सबब उत्तराचा क्रम मी उलटा लावतों आणि गड्याच्या मताचा विचार आधीं करतों.

त्यासाठीं लिफ्टचें मर्म थोडें समजून घेतलें पाहिजे. बंदिस्त द्रवावर एका ठिकाणीं दिलेला दाब सर्व दिशांस सारखाच पोंचतो, हा ब्लेझ पास्कल या फ्रेंच पंडिताचा सिद्धान्त. त्याचा यासंबंधींचा ग्रंथ त्याच्या निधनानंतर, १६६३ सालीं, प्रसिद्ध झाला. जोसेफ ब्रामा या इंग्रज कारागिरानें १७९५ सालीं याच तत्त्वावर चालणाऱ्या दाबयंत्राचें पेटंट घेतलें. मौज ही कीं, त्याच्यापुढील मोठी अडचणहि गळतीचीच होती. दट्ट्याभोंवतींचें भरण गच्च केलें तर दट्ट्या अडे, सैल ठेवलें तर पाणी सुटे. हा पेंच सोडविण्याचें श्रेय त्याच्या कारखान्यांतील हेन्री मॉडस्ले यास देतात. चामड्याची वाटीसारखी कडी बसविली, म्हणजे आंतला दाब वाढतांच वाटीची कड आपोआप फांकून दट्ट्यास बिलगते, आणि दाब उतरतांच सैल होते. आजच्या ट्रॅक्टरांतील रबरी सील हें त्या चामड्याच्या वाटीचें वंशज होय. नील्स क्रिस्टन्सन यास १९३९ सालीं अमेरिकेंत जिचें पेटंट मिळालें ती गोल रबरी कडी, जिला आपले मिस्त्री ओरिंग म्हणतात, तीहि त्याच कुळांतली.

आतां हिशेब पाहूं. अशा लिफ्टमध्यें तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला दीडशें किलोच्या आसपास जाऊं शकतो. मोटारीच्या चाकांतील हवेचा दाब सुमारें दोन किलो असतो, हें आठवलें म्हणजे अंतर ध्यानांत येईल. दट्ट्याचें क्षेत्रफळ ५० चौरस सेंटिमीटर धरल्यास १५० × ५० म्हणजे ७,५०० किलोंचा जोर झाला. भुजांच्या तरफेंत तो पुष्कळ कमी होतो, तरी जड अवजार सहज उचललें जातें. हाच दाब नळीला पडलेल्या केसाएवढ्या चिरेंतून बाहेर येऊं लागला तर काय होईल? तेथें थेंब दिसणार नाहीं. दिसलेंच तर धुक्यासारखें कांहीं तरी दिसेल, आणि तें धुकें नसून सुई असेल.

ही उपमा अलंकारासाठीं दिलेली नाहीं. दर चौरस सेंटिमीटरला सातएक किलो दाबाची बारीक धारहि कातडी भेदूं शकते; येथें तर त्याच्या वीसपट दाब आहे. डिझेल इंजिनांतील इंधनाची धार शरीरांत शिरल्याची हकीकत १९३७ सालीं अमेरिकेंतील वैद्यकीय नियतकालिकांत आली, आणि तेव्हांपासून शल्यवैद्यांस ही इजा चांगली परिचयाची आहे. जखम टाचणी टोंचल्याएवढी असते. आरंभीं वेदनाहि पुष्कळदां फारशी नसते, आणि येथेंच माणूस फसतो. तेल आंतल्या आंत स्नायुबंधांच्या आवरणांमधून तळहाताकडे, मनगटाकडे पसरतें. कांहीं तासांनीं बोट सुजतें, बधिर होतें, रक्ताची वाट कोंडते. उशीर झाल्यास बोट, प्रसंगीं हाताचा अधिक भाग, कापावा लागतो.

म्हणून घरांतील सर्वांनीं पाठ करून ठेवावें तें असें. हायड्रोलिकच्या तेलाची धार अंगांत शिरल्याची नुसती शंका आली तरी जखम लहान म्हणून थांबूं नये. ज्या रुग्णालयांत हाताची शस्त्रक्रिया होऊं शकते तेथें तत्काळ जावें. पहिले सहा तास मोलाचे, आणि त्यांतलाहि पहिला तास अधिक मोलाचा. बोट पिळून तेल काढण्याचा प्रयत्न करूं नये. शेकूं नये. हळद किंवा चुना लावून उद्यांची वाट पाहूं नये. शस्त्रक्रिया करावी लागण्याचा संभव असल्यामुळें जखमी मनुष्यास वाटेंत खाऊंपिऊं घालूं नये. डॉक्टरांना “कांहीं तरी टोंचलें” असें मोघम न सांगतां, कोणतें तेल, किती दाबाचें, किती वाजतां, हें स्पष्ट सांगावें आणि तेलाचा डबा बरोबर न्यावा.

आणखी एक गोष्ट मालकवर्गास विचारावीशी वाटते. चाचपण्यासाठीं पुढें होणारा हात बहुधा कोणाचा असतो? ओटीवर बसून विकावें कीं ठेवावें याची चर्चा करणाऱ्यांचा नव्हे. यंत्र आपलें आणि हात गड्याचा, अशी वांटणी असते तेव्हां धोका समजावून सांगण्याचें कर्तव्य आपल्याकडे येतें. त्याच्या घरीं त्या हातावर चारपांच माणसें जेवतात. त्यास “हात लावूं नको” एवढेंच सांगून भागणार नाहीं. कां लावूं नये तें सांगावें, आणि हातावांचून गळती कशी शोधावी तेंहि दाखवावें.

तें शोधण्याची रीत आपल्या तर्कशास्त्रांत पूर्वींपासून आहे. जें असतां जें आढळतें आणि जें नसतां जें आढळत नाहीं, त्यांचा संबंध जोडणें हा अन्वय-व्यतिरेक. प्रथम अवजार पूर्णपणें जमिनीवर टेकवावें, इंजिन बंद करून किल्ली काढावी आणि लिफ्टचा दांडा चारसहा वेळां वरखालीं करावा, म्हणजे कोंडलेला दाब निघून जातो. उचललेल्या अवजाराखालीं, त्याला लांकडाचा भक्कम आधार दिल्यावांचून, कोणीहि शिरूं नये. विटांचा आधार हा आधार नव्हे, कारण वीट सूचना न देतां फुटते. नंतर यंत्राचा तो सर्व भाग धुवून, पुसून, कोरडा करावा. जुन्या तेलामातीच्या थरावर नवें तेल कोठून आलें हें ब्रह्मदेवासहि सांगतां येणार नाहीं.

कोरड्या झालेल्या नळ्यांवर व सांध्यांवर खडूची बारीक पूड भुरभुरावी. मात्र तेल भरण्याच्या तोंडापासून ती दूर ठेवावी. मग एकानेंच आसनावर बसून इंजिन चालूं करावें आणि लिफ्ट पांचसहा वेळां वरखालीं करावी. इतरांनीं, विशेषतः मुलांनीं, दूर उभें राहावें. पुन्हां अवजार खालीं टेकवून, इंजिन बंद करून, दाब सोडून मग पाहावें. पांढऱ्या पुडीवर जो डाग सर्वांत वर व सर्वांत पुढें असेल तेथें उगम; बाकीचे त्याचे ओघळ. धुक्यासारखी धार असल्याचा संशय असेल तर लांब काठीच्या टोंकाला पुठ्ठा बांधून तो नळीपासून थोडा दूर फिरवावा. पुठ्ठा ओला झाला किंवा त्याला भोंक पडलें म्हणजे जागा कळली. नळी जुनी, फुगलेली, तडकलेली दिसत असेल तर एवढाहि खटाटोप करूं नये. ती सरळ बदलावी.

कांहीं गळत्या जमिनीवर दिसतच नाहींत. अवजार वर उचलून इंजिन बंद केलें असतां तें आपोआप भराभर खालीं येत असेल आणि खालीं तेलाचा थेंबहि नसेल, तर तेल दट्ट्याच्या सीलवरून किंवा झडपेमधून आंतल्या आंत परतत आहे असें समजावें. अत्यंत सावकाश उतरणें स्वाभाविक असतें. किती वेळांत किती उतरावें हें यंत्राच्या माहितीपुस्तकांत पाहावें. दुसरा प्रकार याहून चमत्कारिक. टांकींतून पंपाकडे तेल ओढणाऱ्या नळीचा सांधा सैल झाला तर तेल बाहेर येण्याऐवजीं हवा आंत शिरते. पंप कण्हल्यासारखा आवाज करतो, लिफ्ट झटके देत वर जाते आणि तेलास फेंस येतो. तिसरा प्रकार इंजिनाला जोडलेल्या पंपाचा: त्याच्या दांड्याचें सील गेलें तर हायड्रोलिकचें तेल इंजिनांत जातें. एकीकडे पातळी उतरते व दुसरीकडे इंजिनांतील तेलाची चढते, म्हणून दोन्ही पातळ्या पाहिल्यावांचून निर्णय करूं नये. तेल दुधाळ झालें असेल तर त्यांत पाणी शिरलें आहे.

आतां दुसरें मत, म्हणजे तेल ओतीत राहण्याचें. सेकंदास एक थेंब हें प्रमाण क्षुल्लक वाटतें. पण एका दिवसांत सेकंद ८६,४००. आणि तितके थेंब म्हणजे चार लिटरांच्या आसपास तेल. यंत्र दिवसांत चारच तास चाललें तरी पाऊण लिटरच्या जवळपास तेल बागेच्या मातींत जातें. पैसा जातो, वेलींच्या मुळांशीं तेल जिरतें, आणि पातळी उतरल्यामुळें पंप हवा घेऊं लागून झिजतो. म्हणजे दहावीस रुपयांची कडी न बदलल्याचा दंड शेवटीं पंपाला भरावा लागतो. तशांत घाईनें हातीं लागेल तें तेल ओतलें तर दुप्पट हानि होते. लहान ट्रॅक्टरांत पुष्कळदां गिअरपेटीचें व लिफ्टचें तेल एकच असतें, म्हणून पुस्तकांत सांगितलेलेंच तेल घालावें. ब्रेकचें तेल तर कदापि घालूं नये. त्यानें या जातीचीं रबरी सीलें फुगून निकामी होतात.

दुरुस्तीचा क्रम सूचीकटाहन्यायानें ठेवावा. लोहाराकडे एकानें सुई व दुसऱ्यानें कढई करावयास दिली तर तो सुई आधीं करून देतो. त्याप्रमाणें आधीं सांध्याचा नट योग्य तितकाच आवळावा, तोहि दाब सोडल्यानंतर. अधिक जोर केल्यास नळीचें पसरट तोंड चिरतें. मग तांब्याचा वायसर किंवा ओरिंग बदलावी. मग नळी, ती जुन्या नळीच्याच मापाची व तितकाच दाब सोसणारी, यंत्रावर टोंकें दाबून बसविलेली घ्यावी. गाळणी याच वेळीं साफ करावी. एवढ्यानें न भागलें तरच पंप, झडप किंवा दट्ट्या उघडण्याची कढई हातीं घ्यावी, आणि तें काम जाणत्या मिस्त्र्याच्या स्वच्छ मेजावर व्हावें, बागेंतल्या धुळींत नव्हे. वाळूचा एक कण नव्या सीलवर चरा पाडावयास पुरतो. सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळणें, चिकट लांबी थापणें, सांध्यांत पांढरी फीत कोंबणें हे उपाय घरच्या पाण्याच्या नळास शोभतात. येथें ती पट्टी चिरेला झांकते, दाबाला थांबवीत नाहीं. आणि फितीचे तुकडे झडपेंत जाऊन अडकतात.

राहिलें विकण्याचें मत. अवजार मागें तीन सांध्यांनीं जोडून तें तेलाच्या दाबानें उचलण्याच्या रचनेचा पाया हॅरी फर्ग्युसन या आयरिश यंत्रज्ञानें घातला. त्याचें पेटंट १९२६ चें. कॉव्हेंट्री येथें १९४६ ते १९५६ या काळांत बनलेल्या त्याच्या करड्या रंगाच्या लहान ट्रॅक्टरांपैकीं कित्येक आजहि चालतात, ते रबरी सीलें वेळोवेळीं बदलल्यामुळेंच. रबर कडक होणें हें यंत्राचें मरण नव्हे. तें चपलेचा अंगठा तुटण्यासारखें आहे. गळती सांध्याची, नळीची किंवा सीलाची असेल तर यंत्र ठेवावें. दट्ट्याच्या घरालाच खोल चरे पडले असतील, पंप झिजला असेल आणि शिवाय इंजिनहि थकलें असेल, तर चौघा भावांनीं कागदावर खर्च मांडून विकण्याचा विचार करावा; आणि विकतांना दोष घेणाऱ्यास सांगावा.

तोंवर ट्रॅक्टरच्या छपरींत एका खुंटीला काठी व पुठ्ठा टांगावा, कोनाड्यांत खडूच्या पुडीची डबी ठेवावी आणि शेजारीं एक वही ठेवून तींत तेल कधीं घातलें, किती घातलें, तें तारीखवार लिहावें. जवळच्या ज्या रुग्णालयांत हाताची शस्त्रक्रिया होते त्याचा दूरध्वनिक्रमांक वहीच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत असावा. हीं चार साधनें मिळून शंभर रुपयांचींहि होत नाहींत. तीं मांडून झालीं म्हणजे गड्यास बोलावून हा लेख वाचून दाखवावा, आणि त्याच्या शंका असतील त्या ऐकून घ्याव्या.