कापसाचा हिशेब कोणी मांडावा?

विदर्भातील कापसाचा भाव विदर्भात ठरत नाही, ही गोष्ट नवी नव्हे. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीत कपाशीचे पीक झपाट्याने पसरले. 1865 मध्ये युद्ध संपले आणि चढलेले भाव कोसळले. पुढे 1896-97 आणि 1899-1900 या सालांच्या दुष्काळांत ज्याच्यापाशी शेत नव्हते आणि ज्याची मजुरी बुडाली होती, त्याच्या घरची चूल प्रथम विझली. लढाई परक्या देशाची, बाजार परक्या शहराचा आणि उपासमार मात्र आमच्या वाट्याची!

आजही हे चक्र थांबलेले नाही. 19 ऑगस्ट 2025 पासून केंद्र सरकारने परदेशी कापसावरील 11 टक्के आयातशुल्क माफ केले. ही माफी प्रथम 30 सप्टेंबरपर्यंत होती. ती 31 डिसेंबरपर्यंत वाढविण्यात आली. कापडधंद्याला कच्चा माल मिळावा हा तिचा हेतू सांगण्यात आला. परंतु हा काळ आमच्याकडे वेचणीचा काळ होय. गिरणीचा हिशेब मांडणारे तज्ज्ञ गिरणीपाशी असतात. शेतकऱ्याची बाजू मांडणाऱ्या संघटना आहेत. पण भाव पडल्यावर वेचणीला जाणाऱ्या बाईची मजुरी किती घटते, तिच्या मुलांची शाळा केव्हा सुटते, हा आकडा कोण मांडणार?

आकड्याने काय होते, असे कोणी विचारील. वकिलीच्या व्यवसायात एक गोष्ट पक्की शिकावयास मिळते: गाऱ्हाणे कितीही खरे असो, पुराव्यावाचून ते न्यायासनापुढे उभे राहत नाही. 2002 मध्ये ब्राझीलने जागतिक व्यापार संघटनेपुढे अमेरिकेविरुद्ध तक्रार नेली. अमेरिका आपल्या कापूस उत्पादकांना सरकारी पैसा देते, त्यामुळे जगाचा भाव दबतो, अशी ती तक्रार होती. हा पैसा दिला नसता तर भाव किती राहिला असता, याचे गणित ब्राझीलच्या वतीने मांडले ते कॅलिफोर्निया विद्यापीठातील प्राध्यापक डॅनियल समनर यांनी. म्हणजे अमेरिकेविरुद्धचा पुरावा अमेरिकेतीलच एका संशोधकाच्या अभ्यासातून आला! 2005 मध्ये अपिलातही ब्राझीलचा विजय झाला आणि 2014 मध्ये अमेरिकेने 30 कोटी डॉलर देऊन तो वाद कायमचा मिटविला.

दुसरे उदाहरण आपल्या घराजवळचे आहे. 2017 मध्ये कपाशीवर औषध फवारताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्या हंगामात वापरल्या गेलेल्या औषधांत डायफेनथियुरॉन हे एक होते. स्वित्झर्लंडने ते स्वतःच्या शेतांतून कधीच बाद केले होते. तरीही तेथून ते भारतात येत होते. तेथील एका संस्थेने निर्यातीच्या सरकारी नोंदी मिळवून प्रसिद्ध केल्या. पुढे 2021 पासून त्या देशाने या औषधाची निर्यात बंद केली. यवतमाळच्या मजुराचे मरण परक्या देशातील अभ्यासकांनी नोंदवून दाखविले, हे त्यांना भूषणावह आहे. आम्हांला ते विचार करावयास लावणारे आहे.

कारण अभ्यासकाचा प्रश्न जसा असेल तसेच त्याचे उत्तर असते. ब्राझीलच्या खटल्यात प्रश्न होता तो उत्पादकाच्या भावाचा, मजुराच्या रोजाचा नव्हे. आमच्या देशातील कृषिगणना जमीनधारणेची मोजदाद करते; ज्याच्यापाशी जमीनच नाही तो तिच्या कक्षेबाहेर राहतो. पीकबुडीची भरपाई सातबारा पाहून मिळते. ज्याचा रोज बुडाला त्याचा सातबारा कोठला? जो मोजला जात नाही, त्याच्यासाठी कायदा होत नाही.

म्हणून शेतमालाच्या जागतिक व्यापाराचा माणसांवर, पाण्यावर आणि मातीवर काय परिणाम होतो, याच्या संशोधनासाठी विद्यापीठांत ज्या जागा निघतात, त्या आम्हांला परक्या नाहीत. शेतीचा प्रश्न केवळ जमिनीच्या तुकड्यांचा नसून भांडवल आणि श्रम यांच्या प्रमाणाचा आहे, हे बाबासाहेबांनी 1918 मध्येच लहान धारणक्षेत्रांवरील निबंधात दाखवून दिले. तो मार्ग त्यांनी आमच्यासाठी मोकळा केला आहे.

मात्र त्या मार्गावर एक अडसर आहे. केंद्रीय शिक्षणसंस्थांतील आरक्षणाचा 2019 चा कायदा अध्यापकांच्या संवर्गापुरता आहे, आणि त्याच्या कलम 4 अन्वये परिशिष्टात नमूद केलेल्या संशोधनसंस्था त्यातूनही वगळल्या आहेत. एखाद्या प्रकल्पापुरती नेमलेली संशोधकाची तात्पुरती जागा या संवर्गात बसत नाही. परंतु संशोधनाची पहिली पायरी बहुधा हीच असते. सार्वजनिक पैशातून भरल्या जाणाऱ्या अशा प्रत्येक जागेला आरक्षण लागू झाले पाहिजे, ही आमची मागणी आहे आणि ती कायद्यानेच पुरी झाली पाहिजे.

दरम्यान आमच्या कुटुंबांनी स्वस्थ बसू नये. धम्मदीक्षेने अनुसूचित जातीच्या सवलती जातात, ही भीती अनाठायी आहे. 1990 च्या दुरुस्तीने त्या बौद्धांनाही लागू झाल्या आहेत. तेव्हा मुलामुलींना गणित, संख्याशास्त्र आणि अर्थशास्त्र यांकडे निर्भयपणे वळवावे आणि शिष्यवृत्तीचे अर्ज मुदतीत भरावेत. आणि घरात जो लिहिता-वाचता असेल त्याने एक साधी वही घालावी: आज वेचणीचा दर किलोमागे काय मिळाला, किती दिवस काम लागले, कोणते औषध फवारले, कोणाला घेरी आली. आज ती वही क्षुल्लक वाटेल. उद्या याच घरातील मुलगी संशोधक होऊन न्यायासनापुढे उभी राहील, तेव्हा तिच्या हातातील पहिला पुरावा तीच असेल.